थॉमस नटॉल

थॉमस नटॉल (जन्म : लाँग प्रेस्टन, यॉर्कशायर, इंग्लंड, ५ जानेवारी १७८६, मृत्यू : नटग्रोव्ह, लँकेशायर, इंग्लंड, १० सप्टेंबर १८५९) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कार्य केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ व पक्षिशास्त्रज्ञ होते. १८०८ ते १८४१ या काळातील बहुतेक वर्षे त्यांनी उत्तर अमेरिकेतील नद्या, गवताळ मैदाने आणि पर्वतरांगा तुडवून वनस्पती गोळा करण्यात घालवली. सूर्यफूल कुलातील वनस्पतींवर त्यांनी १८४० च्या सुमारास प्रसिद्ध केलेला निबंध रॉकी पर्वत आणि त्याच्या पश्चिमेकडील रानफुलांच्या अभ्यासात मूलभूत मानला जातो. ज्या काळात बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ दूरदेशीच्या वनस्पती केवळ वाळलेल्या नमुन्यांवरून ओळखत, त्या काळात नटॉल यांनी त्या जागेवर, जिवंत अवस्थेत पाहिल्या होत्या. त्यांच्या कामाचे बळ यात होते आणि त्यावर झालेल्या मतभेदांचे मूळही बऱ्याच अंशी यातच होते.

सुरुवातीचे जीवन

नटॉल यांचा जन्म यॉर्कशायरमधील सेटल गावाजवळच्या लाँग प्रेस्टन येथे सामान्य परिस्थितीतील कुटुंबात झाला. लहानपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. त्यांचे काका जोनस नटॉल हे मुद्रक होते. त्यांच्या छापखान्यात थॉमस यांनी अनेक वर्षे उमेदवारी केली व जुळाऱ्याचे काम शिकून घेतले. महाविद्यालयीन शिक्षण त्यांना मिळाले नाही. वाचन, भाषांचा अभ्यास आणि आसपासच्या टेकड्यांवरील भटकंती यांतून त्यांना निसर्गविज्ञानाची गोडी लागली.

मुद्रकाचा व्यवसाय पुढे चालवावा ही काकांची इच्छा त्यांनी मानली नाही. १८०८ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते फिलाडेल्फिया येथे आले. तेथे आल्यावर लगेचच एका अनोळखी वेलीचे नाव विचारण्यासाठी ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापक बेंजामिन स्मिथ बार्टन यांच्याकडे गेले, असे सांगितले जाते. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्राच्या आरंभीच्या पाठ्यपुस्तकांपैकी एकाचे लेखक असलेल्या बार्टन यांना वनस्पती गोळा करून आणणारा होतकरू तरुण हवाच होता. त्यांच्या मार्गदर्शनाखाली नटॉल यांचे शास्त्रीय शिक्षण सुरू झाले.

मिसूरी नदीवरील प्रवास

१८१० मध्ये बार्टन यांनी नटॉल यांना वायव्येकडील प्रदेशांत पाठवले. पंचमहासरोवरांचा प्रदेश पाहून ते सेंट लुइस येथे पोहोचले. १८११ च्या वसंत ऋतूत फरचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीची मोहीम मिसूरी नदीतून वरच्या दिशेने निघाली, तिच्यासोबत ते गेले. जॉन ब्रॅडबरी हे दुसरे इंग्रज वनस्पतिसंग्राहकही या मोहिमेबरोबर होते. नटॉल आजच्या नॉर्थ डकोटा राज्यातील मँडन लोकांच्या वस्त्यांपर्यंत गेले.

नाव किनाऱ्याला लागताच नटॉल वनस्पती शोधण्यासाठी दूरवर निघून जात. वाट चुकण्याचे किंवा हल्ला होण्याचे भय त्यांना वाटत नसे. त्यामुळे नावाडी त्यांना वेडा समजत. एकदा संकटाची चाहूल लागून सर्वांनी शस्त्रे सज्ज केली, तेव्हा नटॉल यांच्या बंदुकीची नळी मातीने गच्च भरलेली आढळली, कारण ती ते मुळे उकरण्यासाठी वापरत होते, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. वॉशिंग्टन अर्व्हिंग यांच्या ‘ॲस्टोरिया’ (१८३६) या ग्रंथामुळे नटॉल यांचे हे विक्षिप्त रूप पुढे लोकांच्या स्मरणात राहिले.

इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्धाची चिन्हे दिसू लागल्याने नटॉल न्यू ऑर्लिन्समार्गे इंग्लंडला परतले. १८१३ मध्ये ते लंडनच्या लिनियन सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपल्यावर १८१५ मध्ये ते पुन्हा अमेरिकेत आले.

‘जेनेरा’ आणि आर्कान्सॉची मोहीम

१८१८ मध्ये नटॉल यांचा ‘द जेनेरा ऑफ नॉर्थ अमेरिकन प्लँट्स’ हा ग्रंथ दोन भागांत फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाला. असे ग्रंथ त्या काळी सामान्यतः लॅटिनमध्ये लिहिले जात. नटॉल यांनी तो इंग्रजीत लिहिला. ग्रंथाच्या छपाईसाठी बरेचसे खिळे त्यांनी स्वतःच जुळवल्याचे सांगतात. छापखान्यातील उमेदवारी अशा प्रकारे त्यांच्या उपयोगी पडली. मिसूरीच्या प्रवासात सापडलेल्या अनेक वनस्पतींचे वर्णन या ग्रंथात आहे. सूर्यफूल कुलातील सेनेसिओ इंटेगेरिमस आणि एरिजेरॉन प्युमिलस या जातींना शास्त्रीय नावे याच ग्रंथात मिळाली व ती आजही मान्य आहेत. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्याच्या अखेरीस पिवळी शेते पसरवणारी सोनकी ही सेनेसिओ याच प्रजातीतील आहे.

१८१८ च्या अखेरीस नटॉल आर्कान्सॉ नदीच्या खोऱ्याकडे निघाले. आजच्या आर्कान्सॉ व ओक्लाहोमा राज्यांतील या प्रवासात ते तापाने गंभीर आजारी पडले. तरीही त्यांनी मोठा संग्रह केला. १८२० मध्ये ते परतले आणि १८२१ मध्ये या प्रवासाची दैनंदिनी त्यांनी प्रसिद्ध केली. तेथील मूळ रहिवाशांच्या जीवनाविषयीच्या नोंदींमुळे ती इतिहासाच्या अभ्यासकांनाही उपयुक्त ठरली आहे.

हार्वर्ड येथील वर्षे

१८२२ च्या अखेरीस नटॉल यांना केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील हार्वर्ड विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाची जबाबदारी मिळाली. प्राध्यापकपदासाठी पुरेसा निधी नसल्याने त्यांना उद्यानाचे अभिरक्षक म्हणून नेमण्यात आले. तेथे त्यांनी व्याख्याने दिली, विद्यार्थ्यांसाठी वनस्पतिशास्त्राचे प्रास्ताविक पुस्तक (१८२७) लिहिले आणि अमेरिका व कॅनडातील पक्ष्यांविषयीची मार्गदर्शिका दोन भागांत (१८३२, १८३४) प्रसिद्ध केली. ही मार्गदर्शिका सामान्य वाचकांना परवडेल अशा आकाराची होती आणि तिच्यात पक्ष्यांच्या आवाजांची वर्णने बारकाईने दिलेली होती.

या काळात त्यांची केंब्रिज येथील बर्फाचे व्यापारी नॅथॅनिएल वायथ यांच्याशी ओळख झाली. वायथ १८३२ मध्ये जमिनीच्या मार्गाने पॅसिफिककडे गेले आणि १८३३ मध्ये परतताना त्यांनी नटॉल यांच्यासाठी पर्वतातील खोऱ्यांतून वनस्पतींचे नमुने आणले. या नमुन्यांची सूची नटॉल यांनी १८३४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातील सूर्यफुलासारख्या एका नव्या प्रजातीला त्यांनी वायथ यांच्या सन्मानार्थ वायथिया असे नाव दिले. जी झाडे दुसऱ्याच्या हातून वाळून आली होती, ती जिवंत पाहण्याची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी हार्वर्ड येथील पदाचा राजीनामा दिला.

रॉकी पर्वतातून पॅसिफिककडे

२८ एप्रिल १८३४ रोजी वायथ यांची दुसरी मोहीम मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स येथून निघाली. सुमारे ७० माणसांच्या या तांड्यात ४८ वर्षांचे नटॉल आणि त्यांचे तरुण सहकारी, पक्षिशास्त्रज्ञ जॉन कर्क टाउनसेंड, हे दोघे निसर्गवैज्ञानिक होते. प्लॅट आणि स्वीटवॉटर या नद्यांच्या काठाने तांडा पुढे सरकला. नमुन्यांना जागा व्हावी म्हणून दोघांनी जास्तीचे कपडेही टाकून दिले.

जून महिन्यात त्यांनी सुमारे २,२५० मीटर उंचीवरील साउथ पास ही खिंड ओलांडली. पर्वतावरील बर्फ वितळून रानफुले बहरण्याचा तो काळ होता. जुलैमध्ये तांडा स्नेक नदीच्या काठी पोहोचला व तेथे वायथ यांनी फोर्ट हॉल हे ठाणे उभारले. पुढचा मार्ग रुक्ष व कठीण होता. अन्नाची इतकी टंचाई झाली की टाउनसेंड यांनी नमुना म्हणून राखून ठेवलेले घुबड नटॉल व तांड्यातील एका अधिकाऱ्याने शिजवून खाल्ले. टाउनसेंड यांनी आपल्या प्रवासवर्णनात हा प्रसंग नोंदवला आहे.

कोलंबिया नदीतून होडीने जाताना वादळी वारा व लाटांमुळे नटॉल यांचा संग्रह भिजला. महिनोनमहिने जमवलेल्या वनस्पती कुजून जाण्याची वेळ आली होती. नटॉल यांनी किनाऱ्यावर मोठा जाळ करून प्रत्येक कागद उलगडला आणि तासन्‌तास आगीजवळ बसून, घामाने निथळत, एकेक नमुना पुन्हा वाळवला. पुढील काळात या प्रदेशातील वनस्पतींविषयी त्यांनी जे लिहिले, त्याचा आधार असलेला संग्रह असा वाचला. सप्टेंबरच्या मध्यास ते फोर्ट व्हँकूव्हर येथे पोहोचले.

त्यानंतरचा हिवाळा त्यांनी हवाई बेटांवर काढला. १८३५ मध्ये त्यांनी पुन्हा कोलंबियाच्या परिसरात संग्रह केला आणि १८३६ च्या वसंत ऋतूत कॅलिफोर्नियाचा किनारा पाहिला. सॅन डिएगो येथे ‘अलर्ट’ या जहाजावर त्यांचे हार्वर्ड येथील माजी विद्यार्थी रिचर्ड हेन्री डेना हे खलाशी म्हणून काम करत होते. आपले प्राध्यापक अनवाणी पायांनी समुद्रकिनाऱ्यावर शंखशिंपले वेचत असल्याचे पाहून त्यांना आश्चर्य वाटले. पुढे डेना यांनी आपल्या प्रसिद्ध सागरी प्रवासवर्णनात ही भेट नोंदवली. खलाशांनी नटॉल यांना चौकस म्हातारबुवा अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते. याच जहाजाने ते सप्टेंबर १८३६ मध्ये बॉस्टन येथे परतले.

सूर्यफूल कुलावरील निबंध

परतल्यानंतर नटॉल यांनी फिलाडेल्फिया येथे आपल्या संग्रहाचा अभ्यास सुरू केला. रॉकी पर्वतापासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत, तसेच हवाई बेटांवर सापडलेल्या सूर्यफूल कुलातील वनस्पतींचे वर्णन करणारा विस्तृत निबंध अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या कार्यवृत्ताच्या सातव्या खंडात (१८४०–४१) प्रसिद्ध झाला.

हे कुल वनस्पतिशास्त्रात ओळखण्यास अवघड समजले जाते. शेवंती, झेंडू किंवा सूर्यफूल यांचे जे एक फूल वाटते, ते वास्तविक अनेक लहान पुष्पकांचा गुच्छ असते. त्यास स्तबक म्हणतात. कडेची पाकळ्यांसारखी दिसणारी ती किरण पुष्पके आणि मधली नळीसारखी ती बिंब पुष्पके होत. स्तबकाच्या तळाशी हिरव्या छदांचे मंडल असते आणि प्रत्येक लहान फळाच्या टोकाला केस, खवले किंवा काटे यांचे पिच्छ असते किंवा नसते. पर्वतावरील कितीतरी जातींचे स्तबक लांबून सारखेच पिवळे दिसतात. नमुना वाळला की किरणांचा रंग उडतो, स्तबक चपटे होते. पुष्कळदा तळाची पाने आणि मूळ नमुन्यात येतच नाहीत. त्यामुळे वाळलेल्या नमुन्यावरून निर्णय करताना चूक होण्याचा संभव मोठा असतो.

पर्वतावरील जाती ओळखण्याच्या खुणा

नटॉल यांनी हाताळलेल्या प्रजातींवरून पर्वतीय रानफुले ओळखण्याच्या काही खुणा स्पष्ट होतात.

बाल्समोऱ्हायझा आणि वायथिया या दोन्ही प्रजातींत मोठी, सूर्यफुलासारखी स्तबके असतात व त्या एकाच उतारावर वाढू शकतात. बाल्समोऱ्हायझा सॅजिटाटा या जातीची पाने बाणाच्या टोकासारखी, रुपेरी लव असलेली व जमिनीलगत असतात. फुलाचा दांडा जवळजवळ पर्णहीन असतो आणि त्याच्या टोकास बहुधा एकच स्तबक येते. तिचे मूळ जाड व राळयुक्त असते. तेथील मूळ रहिवासी तिची मुळे व बिया अन्न म्हणून वापरत. ही जात लुईस व क्लार्क यांच्या मोहिमेत १८०६ मध्ये गोळा झाली होती आणि फ्रेडरिक पर्श यांनी तिला वेगळ्याच प्रजातीत ठेवले होते. तिचे आजचे नाव नटॉल यांच्या निबंधातून आले. वायथियाची पाने मात्र लांबट असतात, त्यांचा तळ बाणासारखा नसतो आणि दांड्यावरही पाने असतात. वायथिया ॲम्प्लेक्सिकॉलिस या जातीची पाने गुळगुळीत, चकचकीत असून वरची पाने दांड्याला वेढतात, तर वायथिया हेलियान्थॉइडिस या जातीचे किरण पांढरे असतात. बाल्समोऱ्हायझाच्या फळांवर पिच्छ नसते. वायथियात ते बहुधा खवल्यांच्या मुकुटासारखे असते.

एरिजेरॉन आणि ॲस्टर यांच्यात नवशिक्यांचा नेहमी गोंधळ होतो. दोहोंत जांभळे किंवा पांढरे किरण व पिवळे बिंब असते. एरिजेरॉनमध्ये छदे साधारण सारख्या लांबीची, एक-दोन ओळींत असतात आणि किरण अरुंद व बहुधा संख्येने अधिक असतात. ॲस्टरमध्ये छदे कौलांप्रमाणे एकावर एक, अनेक ओळींत रचलेली असतात. एरिजेरॉन सामान्यतः वसंतापासून फुलू लागते, तर ॲस्टरचा बहर उन्हाळ्याच्या अखेरीस येतो. एरिजेरॉन सेस्पिटोसस या जातीचे वर्णन नटॉल यांनी याच निबंधात केले.

सेनेसिओ आणि आर्निका यांतील फरक पानांवरून समजतो. आर्निकाची पाने दांड्यावर समोरासमोर असतात, सेनेसिओची एकाआड एक. सेनेसिओची मुख्य छदे एकाच ओळीत, कुंपणासारखी उभी असतात. क्रेपिस ॲक्युमिनाटा या जातीत सर्वच पुष्पके पट्टीसारखी असतात आणि पान तोडल्यास दुधी चीक येतो.

किरण नसलेल्या वनस्पतींकडेही नटॉल यांनी लक्ष दिले. पश्चिमेकडील कोरड्या पठारांवर मैलोगणती पसरलेल्या सुगंधी, करड्या झुडपास त्यांनी आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा हे नाव दिले. त्याच्या पानाच्या टोकास तीन दाते असतात, हीच त्याची खूण. आज हे झुडूप नेव्हाडा राज्याचे राज्यपुष्प आहे.

मतभेद आणि पुनर्मूल्यांकन

सूर्यफूल कुलाची जागतिक मांडणी जिनिव्हाचे ऑग्युस्तँ दि कांदोल यांनी १८३६ ते १८३८ या काळात नुकतीच केली होती. अमेरिकेत जॉन टॉरी आणि एसा ग्रे हे उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींचा समग्र ग्रंथ तयार करत होते व त्याच्या दुसऱ्या खंडात (१८४१–४३) या कुलास मोठी जागा होती. नटॉल यांनी आपले नमुने व टिपणे त्यांना उपलब्ध करून दिली. मात्र नटॉल यांनी केलेल्या अनेक नव्या प्रजाती ग्रे यांना मान्य नव्हत्या. सूक्ष्म फरकांवरून प्रजाती वेगळ्या करण्याची घाई नटॉल करतात, असे त्यांचे मत होते. तरुण ग्रे यांनी तोपर्यंत रॉकी पर्वत पाहिला नव्हता. ते तेथे प्रथम १८७२ मध्ये गेले.

आक्षेप सर्वस्वी चुकीचा नव्हता. नटॉल यांची अनेक नावे पुढे समानार्थी ठरून मागे पडली. परंतु सर्वच नावांची गत तशी झाली नाही. स्टेनोटस, एरिकामेरिया आणि झायलोऱ्हायझा या त्यांच्या प्रजाती दीर्घकाळ इतर मोठ्या प्रजातींत समाविष्ट करण्यात आल्या होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुणसूत्रे व डीएनए यांच्या अभ्यासातून त्या मोठ्या प्रजाती एकजिनसी नसल्याचे दिसून आले आणि नटॉल यांची ही तिन्ही नावे पुन्हा वापरात आली. झायलोऱ्हायझा याचा अर्थ काष्ठमय मूळ. हे नाव, मुळासकट झाड उकरून पाहण्याच्या त्यांच्या सवयीची साक्ष देते.

इंग्लंडला परतणे

काकांच्या मृत्युपत्रानुसार लँकेशायरमधील सेंट हेलेन्सजवळची नटग्रोव्ह ही मालमत्ता नटॉल यांच्याकडे आली. वर्षातील किमान नऊ महिने इंग्लंडमध्ये वास्तव्य करावे, अशी त्यासाठी अट होती. आयुष्यभर तुटपुंज्या उत्पन्नावर राहिलेल्या नटॉल यांच्यापुढे हा कठीण प्रश्न होता. मालमत्ता स्वीकारल्यास आर्थिक स्थैर्य लाभणार होते. पण उरलेल्या तीन महिन्यांत, त्या काळच्या प्रवाससाधनांनी, अटलांटिक ओलांडून पश्चिमेकडील पर्वतांपर्यंत जाऊन परत येणे अशक्य होते. १८४१ च्या अखेरीस ते इंग्लंडला परतले.

फ्रान्स्वा आंद्रे मिशो यांच्या अमेरिकेतील वृक्षांवरील ग्रंथास पूरक असे तीन खंड नटॉल यांनी लिहिले. ते १८४२ ते १८४९ या काळात प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी अमेरिकेतील अरण्यांचा व तेथील मित्रांचा निरोप घेतला आहे. १८४७ च्या वर्षाअखेरचे तीन महिने व १८४८ च्या सुरुवातीचे तीन महिने जोडून, मृत्युपत्राची अट न मोडता, ते एकदा अमेरिकेस जाऊन आले. ती त्यांची अखेरची भेट ठरली. रॉकी पर्वत त्यांना पुन्हा दिसला नाही.

नटग्रोव्ह येथे त्यांनी दुर्मीळ वनस्पतींची, विशेषतः ऱ्होडोडेंड्रॉनची, लागवड केली. त्यांचे भाचे थॉमस जोनस बूथ यांनी आसाम व भूतानच्या डोंगराळ भागातून ऱ्होडोडेंड्रॉनच्या जाती गोळा केल्या. त्यांतील मोठ्या पांढऱ्या फुलांच्या एका जातीस बूथ यांनी १८५३ मध्ये ऱ्होडोडेंड्रॉन नटॅलाय हे नाव दिले. पूर्व हिमालयातील ही जात अरुणाचल प्रदेशातही आढळते.

मृत्यू आणि स्मृती

१० सप्टेंबर १८५९ रोजी नटग्रोव्ह येथे, वयाच्या ७३ व्या वर्षी, नटॉल यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. त्यांचा वनस्पतिसंग्रह लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयाकडे गेला. अनेक नमुने फिलाडेल्फियाच्या ॲकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेस या संस्थेत आहेत.

पश्चिम अमेरिकेतील डॉगवूड वृक्ष, कॅलिफोर्नियातील एक सुतार पक्षी, पिवळ्या चोचीचा मॅगपाय आणि पुअरविल हा रातवा यांच्या शास्त्रीय नावांत नटॉल यांचे नाव आहे. १८७३ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे स्थापन झालेल्या पक्षी अभ्यासकांच्या संस्थेस नटॉल ऑर्निथॉलॉजिकल क्लब असे नाव देण्यात आले. सूर्यफुलाच्या एका रानटी जातीस टॉरी व ग्रे यांनीच हेलियान्थस नटॅलाय असे नाव दिले. पश्चिमेकडील ओलसर कुरणांत व झऱ्यांच्या काठी ती आजही फुलते.